घरचा कुत्रा : त्याचें शरीर आणि त्याचें मन

महाभारताच्या आरंभीं एक कुत्रा आहे आणि शेवटींही एक कुत्रा आहे. शेवटचा सर्वांच्या परिचयाचा. महाप्रस्थानाच्या वाटेवर तो युधिष्ठिरामागून चालत राहिला, आणि त्यास टाकून स्वर्गांत येण्याचें धर्मराजानें नाकारलें. आरंभींचा मात्र कीर्तनांतून फारसा ऐकूं येत नाहीं. त्याची कथा आदिपर्वांतील पौष्यपर्वांत आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां देवशुनी सरमेचा पुत्र तेथें आला. राजाच्या भावांनीं त्यास झोडपलें. तो रडत आईकडे गेला. तिनें आधीं त्यालाच विचारलें, कीं तुझ्या हातून कांहीं आगळीक घडली असेल. त्यानें सांगितलें, हविर्द्रव्यास तोंड लावणें दूरच, आपण तिकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. सरमेनें सत्रांत जाऊन जाब विचारला. कोणी कांहीं बोललें नाहीं. तेव्हां निरपराध्यास मारल्याबद्दल तिनें राजाला शाप दिला, कीं तुजवर अकल्पित भय ओढवेल. पुढें त्या शापाच्या निवारणासाठीं राजा योग्य पुरोहित शोधीत हिंडला.

आपल्याकडील पाळीव कुत्र्यांच्या वांट्यास हा प्रसंग नित्य येतो. फक्त जाब विचारणारी सरमा येत नाहीं. घरीं कोणी नसतां चप्पल फाडली गेली किंवा ओट्यावरचें ताट उपडें झालें, म्हणजे परत आल्याबरोबर यजमान डोळे वटारतात. कुत्रा कान पाडतो, शेंपूट पायांत घालतो, नजर चुकवितो. “पाहा, चोराच्या मनांत चांदणें!” असें म्हणून त्याच्या पाठींत दोन रट्टे बसतात. अमेरिकेंतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीनें या दृश्यावर प्रयोग करून २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. मालकानें कुत्र्यासमोर खाऊ ठेवून “खाऊं नको” असें बजावून खोलीबाहेर जावयाचें. त्याच्या पाठीमागें कधीं कुत्र्यास खाऊ मिळे, कधीं मिळत नसे. आणि परत आलेल्या मालकास कधीं खरें सांगण्यांत येई, कधीं खोटें. त्यांत असें आढळलें कीं, ती ‘अपराधी’ मुद्रा अपराधावर मुळींच अवलंबून नसून मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होती. इतकेंच नव्हे, तर ज्यांनीं खाऊस तोंड लावलें नव्हतें आणि तरी बोलणीं खाल्लीं, त्यांच्या ठिकाणीं ती अधिक स्पष्ट दिसली. तात्पर्य, आपण ज्यास कबुलीजबाब समजतों ती केवळ “रागावूं नका” अशी विनवणी असते.

पूर्वीं आपल्या घरांत कुत्र्याची जागा ठरलेली होती. वैश्वदेवानंतर कुत्र्याकावळ्यांसाठीं भूमीवर अन्न ठेवावें असें स्मृतिकारांनीं सांगितलें, आणि दारच्या कुत्र्यास त्याचा भाकरतुकडा मिळे. दत्ताच्या तसबिरींत चार वेद श्वानरूपानें उभे असत; संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधीही आहे. तरी सोवळ्याच्या घरांत कुत्र्यानें ओटी कधीं ओलांडली नाहीं. आतां तो माजघर ओलांडून थेट पलंगावर आला आहे. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु कुत्रा आंत आला आणि त्याच्याविषयींचें ज्ञान अंगणांतच राहिलें, असें पुष्कळ घरीं दिसतें. ‘चावरा’, ‘खोडकर’, ‘हट्टी’, ‘वेडसर’ अशीं जीं विशेषणें त्यास लाविलीं जातात, त्यांच्यामागें बहुधा शरीरांतलें एखादें दुखणें तरी असतें, किंवा उद्योगावांचून कुजलेलें मन असतें, किंवा त्याची खूण वाचतां न येणारा यजमान असतो. हें न उमजल्यामुळें चांगलीं कुत्रीं जन्मभर सांखळीस बांधलीं जातात, किंवा एके दिवशीं मोटारींत घालून गांवाबाहेर सोडून दिलीं जातात. मऊ पोळीवर वाढलेला जीव उकिरड्यावर किती दिवस तग धरणार?

प्रथम मनाचें पाहूं, कारण त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. कुत्र्याचें जग नाकाचें आहे. ऋग्वेदांतील सरमा पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढीत रसा नदी ओलांडून गेली, तें उगाच नव्हे. मनुष्याच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारें ५० ते ६० लक्ष असतात. कुत्र्याच्या नाकांत त्या जातीपरत्वें १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत असल्याचें मानतात. त्याची हुंगण्याची रीतही निराळी. श्वास सोडतांना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेंतून मागें निघून जाते, त्यामुळें समोरून येणारा वास उधळला जात नाहीं. रस्त्याच्या कडेच्या खांबावर दुसऱ्या कुत्र्यानें सोडलेली धार म्हणजे त्याचें वर्तमानपत्रच : कोण येऊन गेला, ओळखीचा कीं परका, नर कीं मादी. आणि आपण करतों काय? “चल पुढें, घाण काय हुंगतोस!” म्हणून गळ्याला हिसका देतों. सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्र उघडणाऱ्या आजोबांच्या हातांतून दर दोन ओळींस कोणी तें हिसकावूं लागलें, तर घरांत काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करावी.

शार्लोट ड्युरांटन आणि उपर्युक्त होरोविट्झ या दोघींनीं २०१९ सालीं याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. कांहीं कुत्र्यांकडून दोन आठवडे वासावरून खाऊ शोधण्याचा सराव करविला. इतरांकडून तितकेच दिवस मालकाच्या टांचेशीं शिस्तीनें चालण्याचा. मग दोहोंसमोर एक वाडगें अशा जागीं ठेवलें, कीं त्यांत खाऊ असेल कीं नसेल याचा संशय पडावा. नाकाचा उद्योग केलेलीं कुत्रीं त्या वाडग्याकडे पूर्वींपेक्षां अधिक लगबगीनें जाऊं लागलीं; शिस्तीनें चाललेल्यांत तसा फरक पडला नाहीं. संशयाच्या जागीं आशा धरणें हें मन प्रसन्न असल्याचें लक्षण आहे, हें मनुष्याच्या बाबतींतही आपण जाणतोंच.

यास खर्च कांहींच नाहीं. फिरावयास नेतांना निम्मा वेळ आपल्या पायांचा व निम्मा त्याच्या नाकाचा असा करार करावा. किती पल्ला चाललों याचा हिशेब ठेवूं नये. जेवणाचा कांहीं भाग ताटलींत न देतां जुन्या पंचाच्या घड्यांत गुंडाळून द्यावा, किंवा गच्चीवर विखरून टाकावा. श्रावणांतल्या झडीच्या दिवसांत बाहेर पडणें अशक्य होतें, तेव्हां नातवंडांनीं निरनिराळ्या खोल्यांतून तुकडे लपवावे आणि त्यानें शोधावे. मुलेंही दंग होतात आणि कुत्राही दमतो. पंधरा मिनिटें नाकानें काम केलेला कुत्रा जसा शांत पडून राहतो, तसा तासभर सांखळीनें ओढीत नेलेला राहत नाहीं, असें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे. खेळावयास चेंडू आणावयाचा तर निळा किंवा पिवळा आणावा. कुत्र्याच्या डोळ्यास हे दोन रंग चांगले कळतात. तांबडा कळत नाहीं. हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू त्यास सांपडत नाहीं म्हणून मुलें त्याला मठ्ठ ठरवितात, त्यांत त्याचा काय दोष?

कुत्रा निवडतांना मात्र त्याच्या पूर्वजांचा धंदा विचारावा. आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याचा, किंवा मुधोळच्या कुत्र्याचा, जन्म सशामागें धांवण्यासाठीं. तो दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कोंडला तर भिंती खाईल. बर्फांतून गाड्या ओढणारा हस्की पुण्याच्या वैशाखांत आणणें हा तर आमच्या मतें निव्वळ अविचार होय. ज्यास कांहींच नको, त्यानें गांवठी पिलूं घ्यावें. त्यास अडाणी समजण्याचें कारण नाहीं. कोलकत्त्याजवळील विज्ञानशिक्षण व संशोधन संस्थेंत प्राध्यापिका अनिंदिता भद्र यांच्या मंडळींनीं रस्त्यावरील कुत्र्यांवर प्रयोग करून २०२० सालीं दाखविलें, कीं ज्यांना कोणीं कधीं शिकविलें नाहीं अशीं कुत्रींही अनोळखी मनुष्याच्या बोटाचा रोख ओळखून बरोबर त्या भांड्याकडे जातात.

शिकविण्याच्या कामीं एका निवृत्त शिक्षकाचें उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. जॉन पिली हे अमेरिकेंत वॉफर्ड कॉलेजांत मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनीं चेसर नांवाची मेंढपाळी जातीची कुत्री घेतली आणि तिला रोज कित्येक तास शब्द शिकविले. तीन वर्षांत ती १०२२ खेळणीं नांवानें ओळखूं लागली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतील आम्हांस मोलाचा वाटणारा भाग पुढेंच आहे. ‘घे’, ‘नाक लाव’, ‘पंजा लाव’ या आज्ञा कोणत्याही खेळण्याच्या नांवास जोडल्या तरी ती बरोबर तेंच करी. म्हणजे नाम वेगळें आणि क्रियापद वेगळें हें तिला उमगलें होतें. आम्हांस मराठी तिसरींतले विद्यार्थी आठवले!

या गुरुजींची पद्धत आपल्या एकत्र कुटुंबांत मात्र साधत नाहीं. तेथें आजोबा “बैस” म्हणतात, काकू “खालीं बस” म्हणतात, मुलें इंग्रजींत “सिट्” म्हणतात, आणि धाकट्या काकांची केवळ चुटकी वाजते. अमरकोशांतील पर्यायांचें वैभव कुत्र्यास उपयोगाचें नाहीं. एका कृतीस एकच शब्द, आणि तो घरांतील सर्वांच्या तोंडीं एकच, असा ठराव एकदां सर्वांनीं बसून करावा. शब्द पाळला गेला कीं त्याच क्षणीं, एखाद्या सेकंदाच्या आंत, तुकडा किंवा शाबासकी द्यावी. रशियांतील पाव्लोव्हनें कुत्र्यांवरच केलेल्या प्रयोगांपासून एवढें तर सिद्ध आहे, कीं एका गोष्टीचा दुसरीशीं संबंध मनांत जुळतो तो दोन्ही लागोपाठ घडल्या म्हणजे. सांखळीचा आवाज झाल्याबरोबर तो दाराशीं उड्या मारतो तें याचमुळें. सकाळीं फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळीं दिलेला मार त्याच्या मनांत चपलेस जाऊन चिकटत नाहीं. दारांतून आंत येणाऱ्या यजमानास चिकटतो.

आतां त्याच्या खुणा. शेंपूट हलतें म्हणजे कुत्रा खुषींत आहे, हा समज पुरता खरा नाहीं. इटलींतील शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं दाखविलें, कीं मालक दिसतांच शेंपटाचा झोंक कुत्र्याच्या उजव्या अंगाकडे अधिक जातो, आणि परका दांडगा कुत्रा दिसतांच डाव्या अंगाकडे. इतकें सूक्ष्म पाहणें घरांत जमणार नाहीं. परंतु ताठ, उंच धरलेलें आणि जलद कंप पावणारें शेंपूट व कंबरेसकट सैल डुलणारें शेंपूट यांतील भेद लहान मुलासही शिकवितां येतो. झोंप आलेली नसतां जांभया देणें, समोर अन्न नसतां ओंठ चाटणें, तोंड फिरविणें, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यांतून दिसणें, अंग एकाएकीं ताठ करणें — हीं सर्व “मला हें सोसवत नाहीं” असें सांगण्याचीं त्याचीं सौम्य रूपें होत. तीं कोणी ऐकिलीं नाहींत कीं गुरगुर येते. गुरगुरण्याबद्दल कुत्र्यास कधींही मारूं नये. मारानें गुरगुर थांबते, सोसवत नाहीं तें थांबत नाहीं, मग पुढच्या वेळीं तो सूचना न देतां चावतो, आणि घरचे म्हणतात, “कांहीं कारण नसतां चावला.”

आमच्या परिचयाच्या एका घरीं सहा वर्षांचा कुत्रा होता, अंगाखांद्यावर पोर खेळविणारा. तो एके दिवशीं नातवानें गळ्यास मिठी मारतांच गुरगुरला, आणि आठवड्याभरांत तसाच दोनदां. तिसऱ्या खेपेस त्याचा दांत मुलाच्या मनगटास लागला. वडील मंडळींनीं ठरविलें, कीं रविवारीं त्यास घाटापलीकडे नेऊन सोडावें. धाकट्या सुनेनें मात्र हट्ट धरला, कीं आधीं डॉक्टरांस दाखवूं. डॉक्टरांनीं कान उलटून पाहिला. आंत पू झाला होता आणि कानाच्या पाळीस हात लागला तरी कुत्रा कळवळत होता. मिठी मारतांना मुलाचा हात नेमका तेथें दाबला जाई. औषधांनीं तीन आठवड्यांत कान बरा झाला आणि स्वभावही. तो कुत्रा पुढें त्याच घरांत म्हातारा झाला. शांत कुत्र्याच्या स्वभावांत अचानक पालट झाला, तर स्वभावाची चर्चा करण्यापूर्वीं कान, दांत आणि सांधे तपासून घ्यावे. आणि मुलांस एवढें पढवून ठेवावें, कीं जेवत्या व झोंपलेल्या कुत्र्यास हात लावूं नये आणि गळ्यास मिठी मारूं नये. आपल्या प्रेमाची ही रीत कुत्र्यांमध्यें नाहीं.

आहाराविषयीं शाकाहारी घरांत नेहमीं प्रश्न निघतो, कीं कुत्र्यास मांसावांचून चालेल काय. २०१३ सालीं झालेल्या संशोधनांत असें दिसलें, कीं लांडग्याच्या मानानें कुत्र्याच्या अंगीं पिष्टमय अन्न पचविणाऱ्या रसाचीं बीजें पुष्कळ अधिक आहेत. मनुष्याच्या संगतींत त्यास भाकरी पचूं लागली. मांजराचें तसें नाहीं. म्हणून शाकाहारावर कुत्रा राहूं शकतो. परंतु केवळ दूधपोळी किंवा वरणभात म्हणजे त्याचा पूर्णाहार नव्हे. प्रथिनें, चुना आणि इतर सत्त्वें कोठून यावयाचीं तें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. अंड्याची अडचण नसेल तर काम पुष्कळ सोपें होतें.

त्याहून मोठा धोका अतिप्रेमाचा. दहा माणसांच्या घरांत प्रत्येकानें “एवढासा” तुकडा दिला, तरी त्याचें दुसरें जेवण होतें. लॅब्राडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर अमेरिकेंत १४ वर्षें चाललेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच वेतांतल्या भावंडांच्या जोड्या करून एकास दुसऱ्यापेक्षां पाव हिस्सा कमी अन्न दिलें. कमी खाणारीं सरासरी १३ वर्षें जगलीं, भरपेट खाणारीं सुमारें ११; आणि सांधेदुखीही त्यांस उशीरां जडली. फांसळ्या डोळ्यांस न दिसाव्या पण बोटांस लागाव्या, हें योग्य वजनाचें घरगुती माप. दिवसाचें अन्न सकाळींच एका डब्यांत मोजून ठेवावें, आणि ज्यास कोणास तुकडा द्यावयाचा असेल त्यानें त्याच डब्यांतून द्यावा.

आपल्या स्वयंपाकघरांतले कांहीं पदार्थ तर त्यास विषच. कांदा व लसूण, कच्चे असोत कीं आमटींत शिजलेले, त्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षें आणि मनुका यांनीं मूत्रपिंडें बिघडतात; शिऱ्याच्या प्रसादांतला बेदाणाही वेंचून काढावा. चॉकलेट आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या यांस त्याचें तोंड लागूं देऊं नये. ताप किंवा दुखणें दिसलें म्हणून माणसांच्या गोळ्या परस्पर देऊं नयेत. आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल यांनीं कुत्रीं दगावतात. कुत्र्याचें अंग मुळांतच आपल्याहून गरम, १०१ ते १०२॥ अंशांपर्यंत असतें. नुसत्या हातानें ताप ठरवूं नये.

रोगांपैकीं पार्व्हो आणि डिस्टेंपर यांनीं पिलें जातात. त्यांच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून ठराविक अंतरानें टोंचाव्या लागतात आणि चौथा महिना होईपर्यंत तो क्रम मोडूं नये. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळून लेप्टोचा रोग पसरतो. त्याची लस निराळी. गोचिडांमुळें येणारा ताप आपल्या हवेंत फार. गोचीड अंगावरची वेंचून भागत नाहीं, कारण मादी अंडीं घालते ती भिंतींच्या भेगांत. तेव्हां घराचाही उपाय एकाच वेळीं करावा.

पिसाळण्याच्या रोगाविषयीं हयगय नको. लुई पाश्चरनें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोंचली. तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो, परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर अजूनही जवळजवळ कोणी वांचत नाहीं. पिलूं तीन महिन्यांचें होतांच लस द्यावी आणि पुढें डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें ती पुन्हां द्यावी. कोणत्याही कुत्र्याचा दांत किंवा नखाचा ओरखडा लागला, तर वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें जखम धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं लावूं नये. घरच्याच कुत्र्याचा दांत आहे म्हणून स्वस्थ बसणारे सुशिक्षित लोक आम्हीं पाहिले आहेत.

उन्हाळा आणि दिवाळी हे दोन काळ त्यास जड जातात. त्यास घाम येतो तो जवळजवळ तळव्यांनाच. बाकीची उष्णता धापा टाकूनच बाहेर जाते. चपट्या नाकाच्या पगला तेंही धड साधत नाहीं. चैत्र-वैशाखांत सकाळीं सातच्या आंत फिरवून आणावें. हाताची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही तेथें ठेवूं नयेत. दिवाळीचें कारण त्याचा कान. आपणांस सेकंदास फार तर २० हजार कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. त्यास सुमारें ४५ हजारांपर्यंत येतो. फटाके सुरू होण्यापूर्वीं त्यास फिरवून आणावें, आंतल्या खोलींत खिडक्या लावून, पंखा किंवा गाणें चालूं ठेवून बसवावें, आणि कोणीतरी जवळ बसावें. जवळ घेतल्यानें भीति वाढते असें जें सांगतात, त्यांत तथ्य नाहीं.

वय झाल्यावर त्याचे डोळे धुरकटतात, कान मंदावतात. क्वचित् रात्रीं उठून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, किंवा जन्मभर पाळलेला नेम मोडून घरांत लघवी करतो. याबद्दल त्यास बोलूं नये. डॉक्टरांस सांगावें, कांहीं औषधांचा उपयोग होतो. घरांतलें सामान वारंवार हलवूं नये. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फांकतात, म्हणून त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तरटाची एक पट्टी अंथरून ठेवावी. फिरणें थोडकें, पण दिवसांतून तीन-चार वेळां असावें. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेलें तरी पुरे. नाक शेवटपर्यंत बरेंच शाबूत राहतें, तेव्हां तेथें त्यास हवा तितका वेळ उभें राहूं द्यावें.